शिंद्यांच्या तोफा, लान्सरांचे तारे

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने विकत घेतली. सगळा खर्च धरून ४७ लाख रुपयांच्या आसपास रक्कम मोजली. त्याच्या आदल्या वर्षी वाघनखं साताऱ्याला आली होती, पण ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. तलवार मात्र रोख पैसे मोजून आपली झाली. म्हणजे आपलं राज्य आता लंडनच्या जुन्या बाजारातलं गिऱ्हाईक आहे, आणि एकदा गिऱ्हाईक झालं की पुढे काय घ्यायचं हा प्रश्न येतोच. बहुतेकांच्या मनातली यादी ठरलेली असते: तलवारी, कट्यारी, शिक्के, एखादं चिलखत. माझी सूचना या यादीत बसणारी नाही. सरकारने पुढच्या वेळी एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या इंग्रज घोडेस्वाराचं मोहीम-पदक घ्यावं. आपल्याविरुद्ध लढलेल्या स्वाराचं.

ज्यांनी आपलं राज्य बुडवलं त्यांच्या बिल्ल्यांवर जनतेचा पैसा कशाला, असं कुणीही विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. आधी वस्तू कोणती ते सांगतो.

ब्राँझचा सहा टोकांचा तारा. आकाराने जेमतेम दोन इंच. त्याच्या मधोमध चांदीचा आणखी एक छोटा तारा आणि त्यावर इंग्रजीत कोरलेलं ग्वाल्हेरजवळच्या गावाचं नाव, महाराजपूर, खाली २९ डिसेंबर १८४३ ही तारीख. पाठीमागे ज्याला दिला त्याचं नाव आणि पलटण. कलकत्त्याच्या टांकसाळीत हे तारे तयार झाले, आणि त्यांचं ब्राँझ त्या मोहिमेत शिंद्यांच्या फौजेकडून हिसकावलेल्या तोफांचं होतं. तोफा वितळवल्या, तारे पाडले आणि जिंकलेल्या सैन्यात वाटले. गोऱ्यांना दिले तसे कंपनीच्या देशी शिपायांनाही दिले. त्याच दिवशी पनियारला दुसरी लढाई झाली, तिच्यासाठी तसाच पण पनियारचं नाव असलेला तारा निघाला. इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस रशियन तोफांच्या धातूचा, ही गोष्ट जगभर सांगितली जाते (तिच्याबद्दल आता शंकाही घेतल्या जातात). त्याच्या बारा-तेरा वर्षं आधी मराठी तोफांचे तारे इंग्रज स्वारांच्या छातीवर लागले होते, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

महाराजपूरला गोऱ्या घोडदळात सोळावी लान्सर्स ही भालाईत स्वारांची पलटण होती, पनियारला नववी. सोळाव्या लान्सर्सचा हिंदुस्थानातला मुक्काम १८२२ ते १८४६ असा जवळजवळ पाव शतकाचा. या पलटणीतला एखादा स्वार पहिल्या बोटीने आला आणि शेवटच्या बोटीने परत गेला असं धरून चालू. पटकी, ताप, दारू आणि ऊन यांतून तो वाचला हेच नवल, कारण त्या काळच्या गोऱ्या पलटणींत लढाईपेक्षा रोगाने माणसं जास्त मरत. वाचला, तर त्याच्या छातीवर काय काय लागलं असतं? १८२६ मधल्या भरतपूरच्या वेढ्याबद्दल एक पदक. अफगाण मोहिमेत २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला घेतला त्याबद्दल दुसरं. महाराजपूरचा तारा हे तिसरं. आणि चौथं सतलजचं, पहिल्या शीख युद्धाचं, त्यावर अलिवाल १८४६ आणि फितीवर सोबरावच्या लढाईचं नाव असलेली धातूची पट्टी. अलिवालला २८ जानेवारीला या लान्सर्सनी शीख पायदळाच्या रांगा भाल्यांनी फोडल्या आणि स्वतःची शंभराहून अधिक माणसं मृत आणि जखमी करून घेतली. त्या दिवशी भाल्यांवरच्या निशाणांना रक्त सुकून चुण्या पडल्या, म्हणून पुढे पलटणीत निशाणांना मुद्दाम चुण्या घालण्याची प्रथाच पडली. जाट, अफगाण, मराठा, शीख: कंपनीचं राज्य कुठून कुठे सरकलं त्याचा नकाशाच एका माणसाच्या अंगरख्यावर.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं बोलणं भरकटेल. मोहीम-पदक म्हणजे शौर्यपदक नव्हे. तो हजेरीपट आहे. अमुक तारखेला अमुक ठिकाणी, शत्रूच्या समोर, हा माणूस सैन्यात हजर होता, एवढंच ते सांगतं. तो पुढे धावला की मागे राहिला, याबद्दल पदक मुकं असतं. क्रिमियन युद्धाच्या पदकावर बालाक्लाव्हाची पट्टी असते. २५ ऑक्टोबर १८५४ ला लाइट ब्रिगेड या इंग्रज घोडदळाच्या सुमारे ६७० स्वारांनी रशियन तोफांवर घोडी घातली, त्यांना ती मिळाली. आणि त्या दिवशी त्या रणांगणावर इतरत्र असलेल्यांनाही तीच मिळाली. दोन पदकं शेजारी ठेवली तर फरक दिसत नाही. म्हणून लिलावात ‘हा खरोखर त्या धडकेत होता’ असा कागदोपत्री पुरावा असलेल्या पदकाला कित्येक पट भाव येतो, आणि म्हणूनच नावं खरवडून नवी कोरण्याचा, पट्ट्या मागाहून जोडण्याचा धंदाही जुना आहे.

आपल्याकडे या पदकांचा राग येतो तो ती शौर्याची म्हणून. हजेरीची म्हणून पाहिली तर रागाचं कारण उरत नाही आणि उपयोग मात्र दिसायला लागतो. हजेरीपट शत्रूचा असला तरी तो पुरावाच असतो.

आता महाराजपूरकडे येतो, कारण ही लढाई आपल्या शाळेच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीतही येत नाही. १८१८ मध्ये मराठी राज्य संपलं, असं आपण पाठ केलेलं असतं. संपली ती पेशवाई. ग्वाल्हेरला शिंद्यांचा दरबार, त्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, आणि त्यांचा तोफखाना पुढे पंचवीस वर्षं उभा होता. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई वयाने अगदी लहान, बारा-तेरा वर्षांची. तिच्या मांडीवर दत्तक दिलेले जयाजीराव तिच्याहूनही लहान. कारभार कुणी करायचा यावरून मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात ओढाताण झाली. इंग्रजांना पाहिजे होते ते मामासाहेब, त्यांना दरबाराने काढून टाकलं, आणि गव्हर्नर जनरल एलनबरोला सैन्य घेऊन यायला निमित्त मिळालं. खरी भीती वेगळीच होती. पंजाबात रणजितसिंगांच्या मागे शीख फौज मोकाट सुटली होती, आणि ती सतलज ओलांडून आली तर ग्वाल्हेरची फौज पाठीमागून काय करील याची इंग्रजांना चिंता होती. एकेक करून मोडायचं, हा जुनाच हिशेब.

लढाईला निघालेल्या इंग्रज छावणीत वातावरण जत्रेला निघाल्यासारखं होतं. सेनापती ह्यू गफची बायको, मुलगी आणि आणखी काही बायका हत्तीवर बसून सोबत आल्या होत्या, आणि शिंद्यांच्या तोफांचे गोळे त्यांच्या हत्तींपर्यंत पोचले. मराठी फौज कुठे उभी आहे याचाच इंग्रजांना नीट अंदाज नव्हता. आदल्या दिवशी रिकामं दिसलेलं गाव सकाळी तोफांनी भरलेलं निघालं. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. इंग्रजांची आठशेच्या आसपास माणसं मृत आणि जखमी झाली, ५६ तोफा त्यांच्या हाती लागल्या. गफने आपल्या खलित्यात कबुली दिली की हानी आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त झाली आणि प्रतिपक्षाच्या शौर्याला आपण न्याय दिला नव्हता. हत्तीवरच्या चौघी बायकांना एलनबरोने नंतर सोन्याचे, मीनाकारीचे तारे दिले. हजेरीच ती!

लढाईनंतरच्या तहाने शिंद्यांची फौज नऊ हजारांवर आणली गेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं ग्वाल्हेर कंटिन्जंट वाढवण्यात आलं, खर्च अर्थात शिंद्यांचा. हेच कंटिन्जंट जून १८५७ मध्ये उठलं आणि त्याच शिपायांना घेऊन तात्या टोप्यांनी त्या वर्षाच्या नोव्हेंबरात कानपूरला इंग्रजांना मागे रेटलं. म्हणजे सत्तावन्नच्या ग्वाल्हेरचं मूळ त्रेचाळीसच्या महाराजपुरात आहे. तोफांच्या उरलेल्या धातूपैकी काही कलकत्त्याला हुगळीच्या काठी बांधलेल्या ग्वाल्हेर स्मारकाच्या घुमटात गेला. तो घुमट आजही तिथे आहे.

इथे एक मोह होतो. आमच्या तोफांचा धातू आहे, तर विकत का घ्यायचा, परत मागा! मला हा दावा टिकणारा वाटत नाही. रणांगणात पडलेल्या तोफा जिंकणाऱ्याच्या, हा त्या काळचा नियम सगळेच पाळत, मराठेही. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या आणि आजही त्या वाजतात. शिवाय तारा ज्या शिपायाला मिळाला तो त्याचा स्वतःचा झाला. त्याने तो मुलाला दिला, गहाण टाकला, विकला. कुणाच्या घरातून चोरलेली ही वस्तू नव्हे. लुटीची म्हणून परत मागायच्या वस्तू वेगळ्या, विकत घ्यायच्या वेगळ्या. दोन्हींना एकच घोषणा लावली की खऱ्या लुटीचा दावाही पातळ होतो.

‘परत आणण्या’च्या राजकारणाचा एक जुना नमुना खुद्द एलनबरोनेच घालून दिला आहे. १८४२ मध्ये त्याने गझनीहून दरवाजे आणवले आणि जाहीरनामा काढला की आठशे वर्षांपूर्वीच्या सोमनाथच्या अपमानाचा सूड घेतला गेला आहे. मोठी मिरवणूक निघाली. मग तज्ज्ञांनी पाहिलं तर लाकूड चंदनाचं नव्हतं, देवदाराचं होतं, आणि नक्षीचा गुजरातशी काही संबंध नव्हता. सोमनाथला जायला निघालेले दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात अडकले ते आजतागायत. विलायतेत त्याची भरपूर टिंगल झाली. १८४४ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी त्याला परत बोलावलं, त्याला कारणं बरीच होती, पण दिखाऊपणाचा हा सोस त्यांतलं एक. वाघनखांच्या वेळी आपल्याकडे जो वाद झाला, ती तीच की दुसरी, तो मला म्हणूनच निरर्थक वाटला नाही. ज्या लंडनच्या संग्रहालयातून ती आली त्यानेही ती अफजलखानाच्या भेटीत वापरलेलीच आहेत असा दावा कधी केला नव्हता. पदकाचं या बाबतीत बरं असतं. त्यावर नाव, पलटण आणि लढाई असते. विलायतेच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात पदकांच्या याद्या आहेत. दोन्ही ताडून पाहता येतात. कथा-दंतकथेला जागा कमी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मांडलं की गौरव होतो. संग्रहालयाच्या मखमलीवर, दिव्याखाली ठेवलेली वस्तू आपोआप पूज्य वाटायला लागते, हे खरं. यावर आपल्याच लष्कराने एक वाट काढलेली आहे, आणि ती मला शहाणपणाची वाटते. इंग्रजी अमलात आपल्या पलटणींना मिळालेल्या युद्धसन्मानांपैकी जे आपल्याच लोकांविरुद्धच्या लढायांचे होते, असई, खडकी, कोरेगाव, सीताबर्डी, मध्य हिंदुस्थान, ते स्वातंत्र्यानंतर साजरे करायचे नाहीत असं ठरलं. पण पलटणी मोडल्या नाहीत, त्यांचा इतिहास फाडून टाकला नाही. पूना हॉर्स आजही त्याच नावाने आहे, आणि तिचं मूळ बाजीराव पेशव्याच्या खर्चाने उभ्या केलेल्या आणि मग त्याच्याच विरुद्ध लढलेल्या घोडदळात आहे. पताकेवर काय मिरवायचं आणि इतिहास म्हणून काय जपायचं यात लष्कराने फरक केला. संग्रहालयालाही तो करता यावा. करता येत नसेल तर दोष मांडणी करणाऱ्याचा.

महाराजपूरचा तारा ही माझी पहिली निवड. दुसरी निवड खास महाराष्ट्राची आहे. १८५१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ‘आर्मी ऑफ इंडिया’ नावाचं पदक काढलं. फीत फिक्या निळ्या रंगाची, एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला माडाच्या झाडापाशी बसलेली विजयदेवता. १८०३ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी हे होतं, म्हणजे लढाईनंतर पंचवीस ते अठ्ठेचाळीस वर्षांनी. जे तोवर जिवंत होते आणि ज्यांनी अर्ज केला त्यांनाच मिळालं. लढाईत पडलेल्यांना काही नाही, नंतर म्हातारपणाने गेलेल्यांनाही नाही. असईला २३ सप्टेंबर १८०३ ला धडक मारणारी एकोणिसावी लाइट ड्रॅगून्स ही घोडदळ पलटण तर १८२१ मध्येच मोडीत निघाली होती. अठराव्या वर्षी असईला लढलेला स्वार पदक मिळालं तेव्हा सहासष्ट वर्षांचा. त्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसं कामी आली किंवा जखमी झाली, घोडदळाचा सेनानी मॅक्सवेल शेवटच्या हल्ल्यात पडला. त्यातले किती उरले असतील? शिपायाच्या उपकाराची फेड करायला सरकारं किती वेळ लावतात, याचं हे पदक म्हणजे चांगलं उदाहरण, आणि या बाबतीत ते केवळ इंग्रजांपुरतं राहत नाही.

पण मला ते हवं आहे त्याच्या पट्ट्यांसाठी. या पदकासाठी एकंदर २१ पट्ट्या होत्या. त्यांतली गावं वाचत गेलं की एस.टी.च्या फलाटावर उभं असल्यासारखं वाटतं: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. जालना, अकोला, अमरावती, पुणे, नागपूर. जगात इतरत्र कुठल्याही पदकावर आपल्या इतक्या गावांची नावं एकत्र आलेली नाहीत. आणि तरी अडगावच्या शाळेतल्या मुलांना आपल्या गावाचं नाव लंडनमध्ये चांदीवर कोरलं गेलं होतं हे कुणी सांगत असेल असं मला वाटत नाही.

याच यादीत काय नाही तेही पाहण्यासारखं आहे. आष्टी नाही. २० फेब्रुवारी १८१८ ला सोलापूरकडच्या आष्टीला बापू गोखल्यांनी पेशव्याला निसटायला वेळ मिळावा म्हणून जनरल स्मिथच्या घोडदळाला अंगावर घेतलं. समोर बावीसावी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासचं घोडदळ. गोखल्यांनी तलवारीने एका इंग्रज अधिकाऱ्याला जखमी केलं, स्मिथच्या डोक्यालाही जखम झाली, आणि गोखले पडले. त्याच दिवशी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. मराठी राज्याच्या दृष्टीने ही लढाई कोरेगावहून निर्णायक म्हणावी अशी. तिला पट्टी नाही. कोणती लढाई मोजायची हे जिंकणाऱ्याने ठरवलं आणि आपणही नकळत त्याच्याच मापाने मोजत आलो. कोरेगावबद्दल आपण दरवर्षी भांडतो, आष्टी बहुतेकांना नकाशावर दाखवता येत नाही.

कोरेगावचा उल्लेख आलाच आहे तर तोही टाळू नये. १ जानेवारी १८१८ ला तिथे लढलेल्या कंपनीच्या तुकडीत मोठ्या संख्येने देशी शिपाई होते, आणि नंतर इंग्रजांनी उभारलेल्या स्तंभावर पडलेल्यांची ४९ नावं कोरली. त्यांतली २२ महार शिपायांची, नावाच्या शेवटी ‘नाक’ असलेली. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ बदलला. हा स्तंभ इंग्रजांनी स्वतःची शेखी मिरवायला बांधला, यात वादच नाही. पण ज्यांची नावं पेशव्यांच्या दफ्तरात मानाने लिहिली गेली नसती, ती नावं त्यावर राहिली. शत्रूच्या हजेरीपटात आपलीच माणसं सापडतात, आणि ती सापडली की ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ ही वाटणी पहिल्यासारखी सोपी राहत नाही. महाराजपूरच्या ताऱ्यांपैकी पुष्कळ तारे बंगाल पलटणीतल्या पूरबी शिपायांच्या छातीवर होते. त्यांचे भाऊबंद चौदा वर्षांनी उठले. व्हिक्टोरिया क्रॉस देशी शिपायाला १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हता. मोहीम-पदक मात्र गोऱ्याला आणि काळ्याला एकाच साच्यातलं. एवढी समता कंपनीला परवडत होती.

आता सत्तावन्न. आठवी हुसार्स ही बालाक्लाव्हाच्या धडकेतली घोडदळ पलटण. १८५७ च्या अखेरीला ती मुंबईत उतरली आणि तिथून राजपुताना, मध्य हिंदुस्थान करत १७ जून १८५८ ला ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराईला पोचली. तिच्या एका स्क्वाड्रनने तिथे शत्रूच्या छावणीतून धडक मारली आणि दोन तोफा पकडल्या. या एका धडकेबद्दल चार व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले: कॅप्टन हेनेज, सार्जंट वॉर्ड, नालबंद हॉलिस, प्रायव्हेट पिअर्सन. निवड सोबत्यांच्या मताने झाली, कारण सगळेच सारखे लढले असतील तेव्हा आपापसांत निवडून नाव द्यावं असा नियमच होता. त्याच दिवशी, त्याच मैदानात राणी लक्ष्मीबाई पडली. तिला मारणारा आठव्या हुसार्सचा एक स्वार होता असं बहुतेक हकिकती सांगतात. त्याचं नाव कुणीही खात्रीने सांगू शकलेलं नाही.

याचा पदकाच्या भाषेत अर्थ असा होतो: त्या स्वाराला बंडाचं पदक मिळालं असणार, त्याच्या फितीवर ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी असणार, आणि कडेवर त्याचं नाव असणार. पण ते पदक आणि त्याच्या शेजारच्या स्वाराचं पदक यांत काही फरक नाही. इंग्रजांनी झाशी, काल्पी, ग्वाल्हेर यांना वेगवेगळ्या पट्ट्याही दिल्या नाहीत. दिल्लीला दिली, लखनौला तीन तऱ्हांच्या दिल्या, आणि तिथल्या इंग्रज सेनापती ह्यू रोजची सगळी मोहीम ‘मध्य हिंदुस्थान’ या एका नावात बसवली. वरसईहून यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघालेल्या गोडसे भटजींनी झाशीतली कत्तल आणि लूट डोळ्यांनी पाहिली आणि लिहून ठेवली म्हणून त्या शहराचं काय झालं ते आपल्याला मराठीत वाचता येतं. पदकाच्या पेटीत त्या भटजींचं पान शेजारी ठेवलं तरच ती पेटी पुरी होईल. एकट्या पदकाने होणार नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे की अशी पेटी कुणीतरी मांडावी. तलवार घेतली की आपल्याला अभिमान वाटतो, आणि तिथेच आपण थांबतो. रघूजींची तलवार नागपूरहून नेमकी केव्हा आणि कशी गेली याबद्दल तर्कच आहेत. तिच्या शेजारी सीताबर्डीची पट्टी असलेलं पदक ठेवलं तर नागपूरकरांच्या वस्तू लंडनला का सापडतात हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात निदान उभा तरी राहील. विजयाच्या वस्तूंनी भरलेलं संग्रहालय पराभव कसा झाला ते कधीच सांगत नाही. आणि आपल्याला ते समजून घ्यायची गरज आहे, कारण कवायती कंपू होते, उत्तम तोफा होत्या, जागचे न हलणारे गोलंदाज होते, आणि तरी महाराजपूर हरलं.

पैशाचं म्हणाल तर महाराजपूरचा साधा तारा लिलावात काही शे पौंडांपासून हजार-दीड हजार पौंडांपर्यंत मिळतो. तलवारीच्या किमतीत तसे डझनावारी येतील, एक पुरे. आर्मी ऑफ इंडियाचं पदक दुर्मीळ, त्याला जास्त मोजावे लागतील. घेण्याआधी कडेवरचं नाव मूळचं आहे का, यादीशी जुळतं का, पट्ट्या नंतर जोडलेल्या नाहीत ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावं, आणि तो जाणकार विक्रेत्याच्या पगारावरचा नसावा. मंत्र्यांनी विमानतळावर जाऊन स्वागत करण्याची गरज नाही.

आणि जेवढे पैसे या खरेदीला जातील त्याच्या दुप्पट मोडी वाचकांना द्यावेत. गोऱ्या स्वाराचं नाव ताऱ्याच्या पाठीवर आहे. त्याच्यासमोर तोफेपाशी मेलेल्या गोलंदाजाचं कुठे आहे? आपल्या फौजांतही हजेऱ्या होत, पागेची गणती होई, घोड्याचा रंग आणि स्वाराचं गाव लिहिलं जाई. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि त्यांतले बरेच अजून सुटलेले नाहीत. खडकीला, आष्टीला कोण कोण होतं याचे तुकडे तिथे सापडण्याचा संभव आहे. शिंद्यांच्या कंपूंचे कागद ग्वाल्हेर आणि इतर ठिकाणी शोधावे लागतील. पाच-सहा मोडी जाणणाऱ्या तरुणांना तीन वर्षं पगार देऊन बसवलं, तर तलवारीच्या किमतीपेक्षा फार जास्त खर्च येणार नाही. जी नावं सापडतील ती ताऱ्याच्या शेजारच्या फलकावर लावावीत, आणि जी सापडणार नाहीत त्यांच्यासाठी फलकावर जागा रिकामी सोडावी, म्हणजे काम अपुरं आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत राहील आणि खात्यालाही विसरता येणार नाही.